जीपचं दावं

आमच्या दारात एक कार उभी असते. पांढरी, चार दारांची, एसीची. मी ती मोठ्या हौसेनं घेतली आणि पहिल्याच दिवशी बाबांना दाखवली. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, एक दार उघडून परत लावून पाहिलं आणि म्हणाले, "कपाट चांगलं हाय."

तेव्हापासून आमच्या घरात कारला कपाट म्हणतात. माझी बायकोसुद्धा. "कपाट काढा, बाजारात जायचंय," असं ती चारचौघांत म्हणते आणि शेजारपाजारचे माझ्याकडे बघत राहतात.

बाबांना असं बोलायचा हक्क आहे, हे मला मान्य करावं लागतं. ते पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. विष्णुपुरीला गोदावरीवर धरणाचं काम चालू झालं तेव्हा ते तिथल्या जीपवर आले. धरण पुरं झालं, साहेब बदलले, जीपही दोनदा बदलली, बाबा तेच राहिले. काही साहेब चांगले होते, काही नुसतेच साहेब होते. चांगल्या साहेबाची बाबांची खूण एकच होती : तो चढावर गप्प बसायचा.

या एकतीस वर्षांत आमच्या घरातलं कुणीही त्या जीपमध्ये बसलं नाही. गाडी सरकारची, डिझेल सरकारचं, तेव्हा आमचं बूड तिच्या सीटला टेकणं म्हणजे बाबांच्या लेखी अफरातफर. माझ्या जन्माच्या वेळी आई दवाखान्यात रिक्षानं गेली आणि रिक्षाच्या मागोमाग रिकामी जीप येत होती, असं आई सांगायची. आईला वाढवून सांगायची सवय होती, पण बाबांनी ती गोष्ट कधी खोडून काढली नाही. ते स्वतः ड्यूटीवर सायकलनं जायचे. दिवसभर जीप उन्हात फिरायची आणि त्यांची सायकल जीपच्या शेडमध्ये सावलीला उभी असायची.

माझ्या मनात मात्र त्या जीपचं एक कुसळ आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

मी पाचवीत होतो. आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो. लातूर रोडवरच्या फाट्यापासून वसाहतीपर्यंत दोनेक किलोमीटरचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना नुकतीच लावलेली कडुलिंबाची रोपं, म्हणजे सावली शून्य. एप्रिलमधली भर दुपार, शेवटचा पेपर देऊन मी घरी निघालो होतो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. खाली डांबर तापलेलं. मी तुटकी चप्पल हातात घेतली आणि एका पायावर उड्या मारत चाललो. मागून जीप आली. मी ती आवाजावरूनच ओळखली. आत बाबा एकटेच होते, बाजूची सीट रिकामी. मी थांबलो आणि त्यांना दिसावी म्हणून चप्पल वर धरली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, एकदा हॉर्न वाजवला आणि जीप पुढं निघून गेली.

संध्याकाळी त्यांनी तार घालून ती चप्पल नीट केली आणि माझ्यापुढं ठेवली. "गाडी सरकारची हाय," एवढंच म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. बाबा मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे माझा अबोला त्यांच्या ध्यानात तरी आला की नाही, याची मला अजून शंका आहे.

ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलोय. पाहुणे आले, चहा झाला, की मी सुरू करतो. बायकोला ती तोंडपाठ आहे. उड्या मारण्याचा भाग आला की ती कप गोळा करायला लागते. बाबा तिथंच बसलेले असतात. ते कधी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फार तर उठून पंखा एका नंबरानं वाढवतात. त्यांच्या डोक्यातून ती दुपार केव्हाच गेली असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वय ऐंशीच्या पुढं. डॉक्टरांनी बजावलं, की आता गाडी चालवायची नाही. तसे ते रिटायर झाल्यापासून काही चालवत नव्हतेच, पण चालवत नसणं वेगळं आणि चालवायचं नाही असं कुणी तोंडावर सांगणं वेगळं. घरी आल्यावर त्यांनी आपलं जुनं लायसन पत्र्याच्या पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात टाकली. त्या दिवसापासून ते गॅलरीतल्या खुर्चीवर बसायला लागले. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता सांगायचे, "ह्याचा क्लच गेलाय." "ह्यानं तेल बदललं न्हाई."

मला ते बघवेना. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांचे बैल राखले, बाबांनी सरकारची जीप चालवली. आपली म्हणावी अशी गाडी आमच्या घराण्यात आली ती थेट माझं कपाट, आणि त्याला तर बाबा गाडीच मानत नव्हते. बाबांनी एकदा तरी जीपला आपली म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी मी एक जुनी जीप घ्यायचं ठरवलं. बाबांचे गुडघे दिवसेंदिवस आखडत चालले होते आणि जीपची पायरी काही खाली येणार नव्हती, म्हणून घाई होती.

हे मी बाबांना अर्थातच सांगितलं नाही. "मला हौस आहे," असं म्हणालो.

"तुला कपाट मागं घेता येत न्हाई," बाबा म्हणाले.

मी शाळेत भूगोल शिकवतो. शिक्षकाच्या पगारात बसेल अशी जुनी जीप शोधणं म्हणजे काय असतं, हे मला त्या सहा महिन्यांत कळलं. लातूरला एक सापडली, तिला ट्रॅक्टरएवढी चाकं बसवली होती, वर बारा दिवे आणि मागं डीजेचे स्पीकर. मालकानं ती वरातीला भाड्यानं द्यायला तयार केली होती. हदगावकडच्या एकीत कोंबड्या राहत होत्या. मालक म्हणाला, कोंबड्यांसकट घ्या, सवय झालीय त्यांना. बाबा कुठंच बघायला आले नाहीत. मी जिथं जाईन तिथून फोन लावायचा, इंजिन सुरू करायला सांगायचं आणि मोबाईल बॉनेटपाशी धरायचा. पलीकडे बाबा ऐकायचे. मग निकाल यायचा : "ठिव." "भंगार हाय, ठिव." एकदा नुसताच फोन कट झाला.

बायको म्हणाली, "डॉक्टरसुद्धा एवढं ऐकत नाहीत."

आणि मग चाकूरजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याचा पत्ता लागला. माझ्या सहकारी शिक्षकाच्या सासुरवाडीकडचे, सत्तरीचे गृहस्थ, चांगली बागायत, मुलं पुण्याला. जीप जुनी पण एकहाती वापरलेली. खताची पोती, कडबा, दुधाचे कॅन, सगळं तिनंच वाहिलेलं. कागद साफ होते, पासिंग नुकतंच करून घेतलं होतं. मी फोन लावला, त्यांनी तिकडं इंजिन चालू केलं आणि मी माझा मोबाईल बाबांच्या कानाला लावला. बाबांनी डोळे मिटले. एवढा वेळ त्यांनी आजवर माझंही ऐकून घेतलेलं नाही.

"कुठलं गाव?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चाकूरजवळ."

"उद्या पहिल्या गाडीनं निघू."

इथं एक सांगून टाकतो. ती जीप बाबांचीच जुनी सरकारी जीप निघाली, असं काही झालं नाही. तसं सिनेमात होतं. ही रंगानं हिरवी होती आणि बाबांनी ती जन्मात कधी पाहिली नव्हती.

आम्ही एसटीनं गेलो. येताना जीप आणायची म्हणून कपाट घरीच ठेवलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि रिटायर झाले तेव्हा घेतलेले बूट. बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "जीप नाही जमली तर निदान जेवून या," असं म्हणाली.

जीप आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, लिंबाखाली उभी होती. आजूबाजूला तुरीचं रान, शेंगांनी वाकलेलं. मालक पांढरी बंडी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून वाट बघत होते. मी बाबांची ओळख करून दिली, "हे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते." त्यावर मालक एकदम अदबीनं वागायला लागले. "या साहेब, बसा साहेब." बाबा सरळ जीपकडं गेले.

त्यांनी जीप तपासली ती डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त. स्प्रिंगांच्या पाट्यांवरून हात फिरवला, चाक हलवून पाहिलं, तेलाची काडी काढून बोटांत तेल चोळलं. मालकांनी चावी फिरवून इंजिन सुरू केलं तेव्हा बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "चारी चाकं ओढती का?" त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, "साहेब, आमचं काळं रान हाय. पावसाळ्यात त्यात माणूस घातला तर चप्पल रुतून बसती. हिला पावसाळा ठावं न्हाई."

मग सौदा सुरू झाला. माझा अंदाज होता, की मालक एक आकडा सांगतील, मी कमी सांगेन, मग चहा येईल. मी घरून तयारी करून आलो होतो, आरशासमोर एकदा तोंड वाकडं करून पाहिलं होतं. पण मालकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, बाबांच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. बैलबाजारात करतात तसं. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. बाबा लहानपणी आजोबांबरोबर बाजाराला जायचे, ते विसरले नव्हते. दोघं म्हातारे समोरासमोर उभे, चेहऱ्यावर काही नाही, आणि टॉवेल मात्र आतून हलतोय. जीप मी घेणार, पैसे माझे, आणि ज्याला भाव कळू द्यायचा नाही असा आजूबाजूला मी एकटाच होतो.

"झालं," मालक म्हणाले.

"किती?" मी विचारलं.

"तुला परवडतं," बाबा म्हणाले.

नंतर त्यांनी कानात आकडा सांगितला. मी मागितला असता त्यापेक्षा बराच कमी होता. मला आनंद झाला आणि अपमानही वाटला. मोबाईलवरून पैसे पाठवले, कागदांवर सह्या झाल्या, चहा आला. चहा संपवून मी उठलो आणि चावीसाठी हात पुढं केला.

मालकांनी चावी बंडीच्या खिशात टाकली.

"चावी देत न्हाईत," ते म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. "गुरुजी, बैल इकला म्हणून दावं देत असतेत का? जनावर तुमचं, दावं आमचं. दावं गेलं की दावणीची बरकत गेली. नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं असतंय."

"काका," मी म्हणालो, "बैल दाव्याशिवायही चालतो. जीप चावीशिवाय कशी चालणार?"

"ते तुमचं तुमी बगा."

मी चिडलो. मी चिडलो की माझी मराठी शुद्ध होते, असं बायको म्हणते. "अहो, हा व्यवहार पूर्ण झालेला आहे. वाहनाची किल्ली हा वाहनाचाच भाग आहे. जनावराचा नियम यंत्राला लावणं हा निव्वळ अडाणीपणा आहे." हे सगळं मी त्यांच्याच आखाड्यावर, त्यांचाच चहा पिऊन बोललो. मग आधाराला बाबांकडं पाहिलं.

"बरोबर हाय त्यांचं," बाबा म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"दावं कोण देतं? नवं दावं न आणता जनावर घ्यायला कोण आलं? तू. अन् वर त्यांनाच बोलून राहिला."

मला आता परत एसटीनं जावं लागणार आणि बायकोला सगळं सांगावं लागणार, हे माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. भाकरी अजून सोडलीही नव्हती.

तेवढ्यात बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली, बनियनच्या खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. पत्र्याच्या पेटीची किल्ली. विहिरीपाशी धार लावायचा दगड होता, त्यावर ते उकिडवे बसले, गुडघे कुरकुरत असताना, आणि किल्ली घासायला लागले. थोडं घासायचं, जीपपाशी येऊन स्विचमध्ये घालून बघायचं, परत जाऊन घासायचं. असल्या जुन्या स्विचची आतली दातं झिजलेली असतात, जरा मापात आलेलं चपटं काहीही त्यांना चालतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसता बघत होतो. मालकही बघत होते, आणि एक सांगतो, त्यांना ती किल्ली फिरावी असंच वाटत होतं.

चौथ्या वेळेला ती फिरली. इंजिन एकदा खोकललं आणि सुरू झालं.

मालकांची बायको आतून भाकरतुकडा घेऊन आली, तिनं तो जीपच्या तोंडावरून ओवाळला आणि लांब टाकून दिला. जीपला वैरण घालायची तेवढी बाकी ठेवली. मालकांनी बॉनेटवर थाप मारली. त्यांचे डोळे भरले होते. "ज्याच्या हातानं नवं दावं लागलं, धनी तो," ते बाबांना म्हणाले. "आता ही तुमची साहेब."

"साहेब न्हाई मी," बाबा म्हणाले. "डायवर व्हतो."

"मंग तर लई बरं झालं," मालक म्हणाले. "साहेबाला दिली असती तर घोर लागला असता."

तरीसुद्धा त्यांनी बाबांना हाताला धरून पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. मी स्टेअरिंगवर बसलो. पहिल्या गिअरला जीप बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा ती निघाली तेव्हा मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या डाव्या सीटला बाबा जन्मभर साहेबाची जागा म्हणत आले. तिथं ते असे बसले होते, की तिकीट तपासायला कुणी आलं तर पटकन उठता यावं. मी ब्रेक लावायच्या आधी त्यांचा उजवा पाय खालच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. समोरून ट्रक आला की डावा पाय क्लच शोधायचा. अहमदपूर येईपर्यंत माझ्यापेक्षा तेच जास्त दमले. मी चाळीसच्या वर गेलो नाही. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून पुढं जात होता, एक उसाचा ट्रॅक्टरसुद्धा.

अहमदपूरच्या पुढं एका झाडाखाली थांबून आम्ही भाकरी खाल्ली. मला आता राहवेना. "बाबा, ही जीप मी तुमच्यासाठी घेतलीय," मी म्हणालो. "ही तुमचीच आहे. मालकही तेच म्हणाले."

बाबांनी चटणीचा शेवटचा घास भाकरीनं पुसून घेतला. "पैसे तुझे," ते म्हणाले. "गाडी तुझी. मी आपला किल्ली लावून दिली."

विषय संपला. मी हिरमुसलो. सहा महिने कोंबड्या आणि स्पीकर बघत हिंडलो, सगळी शिल्लक घातली, आणि हाती काय आलं, तर सरकारच्या जागी मी. बाबा होते तिथंच. लोह्याला चहा घेताना मी विचारलं, "कसं वाटतंय साहेबाच्या जागेवर?" ते म्हणाले, "इथून रस्ता वाकडा दिसतो." तेवढंच. तिथून पुढं मी बोललोच नाही. त्यांच्याशी अबोला धरून काही उपयोग नसतो, हे पाचवीपासून माहीत असूनही धरला.

विष्णुपुरीच्या अलीकडं ऊन उतरायला लागलं होतं. फाटा आला तसे बाबा म्हणाले, "आत घे."

"कुठं?"

"वसाहतीकडं घे."

मी वळवली. त्या रस्त्यानं आता फारसं कुणी जात नाही. वसाहतीतली घरं बरीचशी रिकामी, खिडक्यांची तावदानं गेलेली. लिंबाची ती रोपं मात्र एवढी मोठी झालीत, की रस्त्यावर ऊन पडत नाही. अर्ध्या वाटेवर बाबा म्हणाले, "थांबव. उतर."

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टर हाय का इथं?"

मी उतरलो. बाबा आपल्या बाजूनं उतरले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून आले. हूडचा लोखंडी बार धरून त्यांनी पाय पायरीवर ठेवला. गुडघा वर येईना. मी हात पुढं केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. दोनदा प्रयत्न फसला, तिसऱ्या वेळी ते चढले. स्टेअरिंगवरून एकदा दोन्ही हात फिरवले. मग पेटीची किल्ली फिरवली.

"तू चाल म्होरं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"चाल म्हणलं ना."

त्यांनी जीप एका दमात वळवली आणि फाट्याच्या दिशेनं नेली. एक हिसका नाही, गिअरचा आवाज नाही. माझ्या हातात दिवसभर अडखळणारी हीच का ती, असा प्रश्न पडावा. मी रस्त्यावर एकटा उभा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सगळी शिल्लक घालून जीप घेतली आणि वसाहतीच्या रस्त्यानं पुन्हा चालतच निघालो. मनातून मी फार चिडलो होतो. म्हाताऱ्याला जीप चालवायची होती तर मला शेजारी बसवून चालवता आली असती. वर त्यांच्या डोळ्यांची काळजी, ती वेगळीच. रागारागानं मी बराच पुढं आलो.

मागून जीपचा आवाज आला. मी तो ओळखला आणि हट्टानं मागं वळून पाहिलं नाही. आवाज जवळ आला. हॉर्न वाजला, एकदाच.

मी सवयीनं रस्त्याच्या कडेला झालो, आणि तिथंच माझे पाय थांबले. चाळीस वर्षं मी पाहुण्यांना सांगत होतो आणि बाबा पंखा वाढवत होते. मला वाटलं होतं, ते विसरलेत. त्यांना सगळं आठवत होतं, जागासुद्धा. माझे डोळे भरून आले.

जीप माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. इंजिन चालूच होतं. बाबा माझ्याकडं बघत नव्हते, समोर रस्त्याकडं बघत होते. त्यांनी हात लांब करून डाव्या सीटवरची धूळ झटकली.

"गाडी आपली हाय," ते म्हणाले. "चप्पल तुटली न्हवं? बस."

माझ्या पायात चांगले लेसचे बूट होते.

"हाव, तुटली," मी म्हणालो आणि चढून बसलो.